बुट्सने बोलायचं नसतं

आमच्या गावातल्या चर्चच्या दारावर, कमानीच्या मधोमध, दगडात कोरलेला एक चेहरा आहे. चेहरा माणसाचाच, पण तोंडातून दोन्ही बाजूंनी पानं फुटलेली, ती गालांवरून वर चढून कपाळावर मिटलेली. जर्मनीतल्या नेकारसुल्मजवळच्या त्या खेड्यात राहायला गेलो त्याच आठवड्यात मी तो पाहिला आणि मला तो अजिबात आवडला नाही. नवरा म्हणाला, आपल्या देवळांत कीर्तिमुख असतं ना, त्यातलाच प्रकार. मी म्हटलं, कीर्तिमुखाचं तोंड निदान कुणालातरी खायला उघडलेलं असतं, ह्याच्या तोंडात कुणीतरी पाला कोंबलाय. त्यावर तो हसला. वाद नको असला की तो हसतो.

इथे एक सांगून टाकते. समोर मी नवऱ्याला ‘अहो’ म्हणते. कृष्णाकाठच्या आमच्या घरात तशीच रीत होती आणि लग्नानंतर बदलायचं कधी सुचलं नाही. लिहिताना मात्र मी त्याला एकेरीवर आणते. कागदावर तरी माझं चालू दे.

तर तो चेहरा. आमच्या खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायची, सत्तरीची, एकटी, गुडघेदुखीची आणि बोलायला भुकेलेली. तिने मला सांगितलं की तो बुट्स आहे. बुट्स म्हणजे रानातला आत्मा, झाडांचा. चर्च नव्हतं तेव्हापासून तो इथे आहे. पाद्र्यांना तो हाकलता आला नाही, म्हणून त्यांनी त्याला दगडात कोरून दारात बसवलं. पण ईस्टरनंतर दीडेक महिन्याने फिंग्स्टनचा सण येतो, त्या सोमवारी तो रानातून गावात उतरतो, घरोघर पाणी मागतो, आणि त्याला पाणी मिळालं की शेतं पिकतात. हे ती मला उद्या गवळी येणार आहे अशा थाटात सांगत होती.

खरा प्रकार असा होता, की गावातली तरुण मंडळी आपल्यातल्या एकाला कोठारात नेऊन डोक्यापासून घोट्यापर्यंत बर्च आणि बीच ह्या झाडांच्या डहाळ्यांत बांधायची. आत कोण आहे ते त्या चारपाच जणांशिवाय कुणाला ठाऊक नसायचं. त्याने घरीही सांगायचं नाही. एकदा पानं बांधली की तोंडातून शब्द काढायचा नाही. लोक वाटेत नावं ओरडून ओळखायचा प्रयत्न करतात, त्याला दाद द्यायची नाही. शेवटी पाणी, आणि पाण्यानंतरच नाव. आमच्या पहिल्या वर्षी नेमके आम्ही धाकट्या दिराच्या लग्नाला भारतात होतो, त्यामुळे शेवटचं पाणी म्हणजे काय ते आम्ही दोघांनीही पाहिलेलं नव्हतं.

नवरा गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. कामात हुशार, पण ‘नाही’ हा शब्द देताना देवाने हात आखडता घेतलेला. जर्मनीत आल्यापासून तर त्याच्या तोंडी दोनच शब्द बसले होते, ‘या’ म्हणजे हो, आणि ‘गेनाऊ’ म्हणजे अगदी बरोबर. कुणी शनिवारी कामाला येशील का विचारलं, ‘या’. गच्चीवरची आपली कुंडी जरा खाली घ्याल का, गेनाऊ. भाषा समजली नाही तरी ‘या’, समजून पटलं नाही तरी गेनाऊ. मी चिडायचे. तो म्हणायचा, अगं, आपण नवीन आहोत, कुणाला दुखवून कसं चालेल? नवीन नवीन म्हणत दीड वर्ष उलटलं होतं. गावातले लोक रस्त्यात ‘ग्र्यूस गोट’ म्हणायचे आणि पुढे जायचे. कुणी कधी चहाला बोलावलं नाही. मला त्याचं फारसं वाटत नसे, पण त्याला वाटायचं. संध्याकाळी खिडकीतून तो समोरच्या बागेतली बार्बेक्यूची गर्दी पाहत उभा राहायचा, तेव्हा मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा.

त्या उन्हाळ्यात देशात फुटबॉलची मोठी स्पर्धा होणार होती. बाल्कन्यांवर झेंडे लागले होते, आणि मे महिनाभर पाऊस नुसता कोसळत होता. फिंग्स्टनच्या सोमवारी मात्र ऊन पडलं. सुट्टीचा दिवस असूनही नवरा सकाळी लवकर उठला, म्हणाला की कारखान्यात एक तातडीची चाचणी आहे, संध्याकाळ होईल. मी नेहमीसारखा डबा भरून टेबलावर ठेवला. तो गेल्यावर पाहते तर डबा तिथेच. लग्नाला सहा वर्षं झाली, हा माणूस एक वेळ चष्मा विसरेल पण डबा विसरणार नाही. मला जरा विचित्र वाटलं, पण मी तो फ्रिजमध्ये ठेवला आणि केस धुवायला गेले.

दुपारी रस्त्यावर चाबकाचे आवाज यायला लागले. घरमालकिणीने जिन्यातून हाक मारली, मी खाली गेले. ती दारात पाण्याचा मोठा जग घेऊन उभी होती आणि बाजूला अंड्यांची टोपली. रस्त्याने पाचसहा तरुण येत होते, पांढरे सदरे घातलेले, हवेत चाबूक ओढत, आणि त्यांच्या मधोमध तो.

मी आधी हसायच्या तयारीत होते. हसू आलं नाही. पुरुषभर उंच हिरवा ढिगारा चालत येत होता, वर निमुळता, टोकाला पिवळ्या फुलांचा तुरा. चेहरा नाही, हात नाहीत. खाली फक्त दोन बूट. तो चालला की सगळी पानं एकदम सळसळायची, आणि थांबला की एकदम गप्प. गल्लीतली कुत्री भुंकत नव्हती, मागे सरत होती. लोक दोन्ही बाजूंनी नावं ओरडत होते, ह्याचा मुलगा, त्याचा भाऊ, बेकरीवाला. त्या हिरव्यात काही हलत नव्हतं.

घरमालकिणीपुढे येऊन तो थांबला. तिने जग उचलला आणि त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. आणि बुट्स फिरला. जागच्या जागी, टाचा उचलून, डावीकडून, एक गिरकी, दुसरी, तिसरी. पानांतलं पाणी चारही बाजूंना उडालं, माझ्या चेहऱ्यावर आलं. चाबूकवाले हसायला लागले. घरमालकीण म्हणाली, माझ्या जन्मात मी बुट्सला नाचताना पाहिलं नाही.

मी पाहिलं होतं. बीडकडे, माझ्या सासरी, लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात. जुलै संपत आला तरी आभाळ कोरडं होतं. गावातल्या पोरांनी एकाला कडुलिंबाच्या डहाळ्या बांधून धोंडी केलं होतं आणि ती दारोदार पाणी मागत फिरत होती. आमच्या दारात सासूबाईंनी घागर ओतली, तर त्या पोराला गिरकी घेता येईना. तेव्हा माझा नवरा, पुण्यात शिकलेला इंजिनिअर, चपला काढून अंगणात उतरला आणि त्याने करून दाखवलं. टाचा उचलायच्या, डावीकडून फिरायचं, हात अंगाला चिकटवायचे. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या होत्या, लहानपणी दर दुष्काळात हाच धोंडी व्हायचा, ह्याच्याइतकं पाणी कुणी उडवलं नाही.

मला एवढा आनंद झाला, की खोटं बोलून गेल्याचा राग मी पुढे ढकलला. त्यांनी ह्याला निवडलं होतं! खिडकीत उभा राहून दुसऱ्यांच्या बागा बघणाऱ्या माझ्या नवऱ्याला. नंतर कळलं त्यात हिशोबही होता. गावात सगळे सगळ्यांना चालीवरून ओळखतात, ह्याची चाल कुणाला ठाऊक नव्हती. पण त्या क्षणी मला तेवढं पुरेसं होतं. मी ओठ घट्ट मिटून घेतले, उगाच नाव तोंडातून निघून जायला नको.

मिरवणूक पुढे गेली. घरमालकीण गुडघा चोळत म्हणाली की मी लगेच पुढे जावं, खरी गंमत तळ्यावर आहे. मी विचारलं, कसली गंमत? तिने सांगितलं. पाणचक्कीच्या तळ्यात लाकडी फळीवरून बुट्सला ढकलून देतात. आत छातीशी एक दोरी असते, ती ओढली की सगळा पाला सुटतो. बुट्स पाण्याखालून पोहत पलीकडच्या काठाला निघतो आणि पाला वाहत जातो, म्हणजे रानातला आत्मा रानात गेला आणि माणूस गावात परत आला. मागच्या साली तळं आटलेलं होतं, कमरेइतकंच पाणी, काही मजा आली नाही. यंदा पावसाने तुडुंब भरलंय, दोन पुरुष तरी पाणी असेल.

बीडकडच्या त्या गावाची नदी वर्षातले आठ महिने वाळूची असते. विहिरीला पाणी असलं तर ते पिण्याला, उड्या मारायला नाही. माझ्या नवऱ्याला पोहता येत नाही. लग्नानंतर आम्ही गोव्याला गेलो तेव्हा तो गुडघ्यापुढे गेला नाही. आणि ह्या माणसाला कुणीतरी विचारलं असणार, शेवटी पाण्याचं चालेल ना, आणि ह्याला डोळ्यांपुढे सासूबाईंची घागर दिसली असणार.

मी चपला घालायला वर गेले नाही. घरातल्या सपातांवरच धावले.

मिरवणूक तिसऱ्या गल्लीत गाठली. चाबूकवाल्यांचा म्होरक्या तांबड्या दाढीचा होता, नवऱ्याच्याच विभागात काम करणारा, एकदा आमच्या दारापर्यंत येऊन कारच्या किल्ल्या देऊन गेलेला. मी त्याचा दंड धरला आणि जर्मनमध्ये सांगितलं, त्याला पोहता येत नाही. वाक्य चुकलं नव्हतं, मला पक्कं आठवतं. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि डोळा मारला. मी पुन्हा सांगितलं, खरंच येत नाही. आजूबाजूचे लोक खूश झाले. एक बाई मला शाबासकी दिल्यासारखं म्हणाली, मागच्या वर्षी एकीने त्याची आई आजारी पडल्याचं सांगितलं होतं, तरी बुट्स बोलला नाही. तेव्हा मला उमगलं की हाही खेळाचाच भाग होता. बुट्सला बोलतं करायला बायका दरवर्षी काही ना काही रडगाणं गातात, आणि जितकं खरं वाटेल तितकी दाद मिळते. मी रडायला लागले तशी टाळ्या पडल्या.

मला तेव्हा त्या सगळ्या गावाचा संताप आला. एवढी माणसं भोवती आणि खरं बोलायला जागा नाही.

वाटेत एका घरापुढे बादली दिसली. मी ती उचलली, गर्दीत घुसले आणि बुट्सवर ओतली. पाणी ओतणाऱ्याला जवळ जायची मुभा असते, तेवढं मी पाहिलं होतं. तो गिरकी घ्यायला लागला. मी पानांत हात घालून त्याला थांबवलं, तोंड अगदी जवळ नेलं. आत ओल्या पाल्याचा वास आणि त्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

“अहो, ही धोंडी नाही. तुम्हाला तळ्यात ढकलणार आहेत. दोन पुरुष पाणी आहे. आत्ताच्या आत्ता सांगा त्यांना.”

पानं थांबली. श्वास थांबला. मला खात्री झाली की त्याने ऐकलं. मी वाट पाहिली, आता बोलेल, आता ‘हाल्ट’ म्हणेल, काहीही म्हणेल. आजूबाजूचे लोकही ऐकत होते, अनोळखी भाषेत कुणीतरी बुट्सच्या कानात काय सांगितलं म्हणून कुतूहलाने. मग चाबूक वाजला आणि बूट पुढे पडले. एक, मग दुसरा. तो चालायला लागला.

तिथून तळ्यापर्यंतचा रस्ता उताराचा होता. मी त्याच्या शेजारून चालत होते, एक चाबूकवाला मला सौम्यपणे बाजूला करत होता, मी पुन्हा येत होते. मी म्होरक्याला सांगितलं, फोन कर, कुणालाही विचार. त्याने माझ्याकडे पाहिलं, त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जरा कमी झालं असं मला वाटलं, पण पुढे ढोल सुरू झाला आणि त्याला पुढे जावं लागलं. मी देवाचं नाव घेत होते आणि मधेच नवऱ्याला शिव्या देत होते. दोन्ही मनापासून होतं.

तळं गढूळ तपकिरी होतं, काठापर्यंत आलेलं. पाणी अडवायचं लाकडी दार बंद, त्याच्या शेजारून पाण्यावर गेलेली फळी. अख्खं गाव दोन्ही काठांवर उभं. बुट्सला फळीवर नेलं. ढोल थांबला. लोक शेवटची नावं ओरडायला लागले. मी ओरडले, “अहो!” हिरवा ढिगारा माझ्याकडे वळला. त्या सगळ्या गलक्यात तो तेवढ्याच हाकेला वळला. मग मी जे कधी केलं नव्हतं ते केलं, त्याचं नाव घेऊन ओरडले. पूर्ण नाव, आडनावासकट. जणू हजेरीत नाव घेतलं की माणूस उभा राहील आणि आपण उपस्थित असल्याचं सांगेल. काठावरचे लोक ते नाव ऐकून हसले, कुणीतरी ते मोडकंतोडकं पुन्हा म्हणून पाहिलं. नावांच्या त्या गर्दीत माझं नावही फक्त एक अंदाज ठरलं.

म्होरक्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला लोटलं.

पाणी उडालं. हिरवा ढिगारा आडवा झाला, हेलकावला आणि उघडला. दोरी त्याने ओढली होती, तेवढी सूचना पाळली होती. डहाळ्या पसरल्या, पिवळा तुरा सुटून वाहायला लागला आणि दोन्ही काठांवर टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळे पलीकडच्या लव्हाळ्याकडे पाहत होते, माणूस तिथून निघणार म्हणून. लव्हाळं हललं नाही. मी एकटीच पाल्याच्या मधल्या रिकाम्या जागेकडे पाहत होते. तिथे बुडबुडे येत होते.

मी कृष्णाकाठची आहे हे वर सांगितलंच. आठव्या वर्षी काकाने पाठीला सुका भोपळा बांधून मला डोहात टाकलं होतं, पुढच्या उन्हाळ्यात भोपळा सुटला. लग्नानंतर मी पाण्यात उतरले नव्हते, सासरी पाणीच नव्हतं आणि इथे हॉलमधल्या क्लोरीनच्या तलावाचा मला कंटाळा. पण ते अंगातून जात नाही. ओढणी फेकली आणि उडी मारली.

पाणी इतकं गार होतं की छाती आवळली. आत डोळे उघडून काही दिसेना, नुसता चहा. पहिल्या बुडीत हाताला फांद्या लागल्या. श्वास घ्यायला वर आले, कुणीतरी ओरडत होतं, त्या आवाजात आता हसू नव्हतं. दुसऱ्या बुडीत पायाला कापड लागलं. मी खाली गेले, सदरा धरला, मग केस. तो झटापट करत नव्हता आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. ओढायला लागले तेव्हा दुसऱ्या बाजूने आणखी एक हात आला. म्होरक्या बुटांसकट उतरला होता. आम्ही दोघांनी मिळून त्याला काठाला लावलं.

त्याला पालथा घातला, पाठीवर थापटलं. पाणी निघालं, मग खोकला आला, मग आणखी पाणी. त्या खोकल्याने माझ्या जिवात जीव आला. कुणीतरी घोंगडी आणली. त्याच्या भुवईला बर्चचं एक पान चिकटलेलं होतं, ते मी काढलं. त्याने डोळे उघडले, मला पाहिलं, मग भोवतालच्या माणसांकडे पाहिलं आणि उठून बसायचा प्रयत्न केला.

मी मराठीतून विचारलं, “ऐकलं होतंत ना मी सांगितलेलं?”

“ऐकलं होतं.”

“मग तोंडाला कुलूप लागलं होतं का?”

तो बराच वेळ खोकला. मग म्हणाला, “बुट्सने बोलायचं नसतं. मी ‘या’ म्हटलं होतं ना त्यांना.”

सगळ्या गावादेखत मी त्याच्या ओल्या खांद्यावर दोन फटके मारले आणि मग तोच खांदा धरून रडले. पाण्याची भीती केव्हाच गेली होती. पण हा माणूस कुणाला नाराज करण्यापेक्षा बुडून जायला तयार झाला, तेही ज्यांनी दीड वर्षात त्याला चहाला बोलावलं नव्हतं त्यांच्यासाठी, हे मला सहन होत नव्हतं. अजूनही होत नाही.

दुसऱ्या दिवशी म्होरक्या आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. बायकोने केलेला केक आणला होता, तो तसाच टेबलावर राहिला. त्याचे डोळे सुजलेले होते. तो पुन्हा पुन्हा सांगत होता की त्याने विचारलं होतं, पाण्याचं काही अडणार नाही ना, आणि माझा नवरा हसून ‘काइन प्रोब्लेम’ म्हणाला होता. नवऱ्याने मान खाली घालून कबूल केलं आणि मग त्याला धोंडीबद्दल सांगितलं. कडुलिंब, कोरडी नदी, बायका दारात घागर घेऊन उभ्या राहतात ते. म्होरक्या ऐकत राहिला. पोहता न येणारा प्रौढ माणूस असू शकतो हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं; इथे पोरं शाळेत जायच्या आधी पोहायला शिकतात. आणि पाणी मागत फिरणारा पानांचा माणूस आणखी कुठे असेल, हेही त्याला ठाऊक नव्हतं. जाताना त्याने नवऱ्याला त्याचं नाव एकदा नीट उच्चारून दाखवायला सांगितलं आणि दारात उभा राहून दोनतीनदा घोकलं.

गावात त्यानंतर महिनाभर बुट्स बंद करायच्या गोष्टी चालल्या. मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. चर्चच्या दारावरच्या त्या चेहऱ्याकडे मी पाहतही नसे. पण बंद झालं नाही.

पुढच्या वर्षी फिंग्स्टनच्या सोमवारी नवरा सकाळी लवकर उठला. म्हणाला, तातडीची चाचणी आहे. मी डबा भरला, त्याने तो तिथेच ठेवला. तो जिना उतरून गेल्यावर मी टेबलाशी बसून राहिले. थोड्या वेळाने मीही निघाले.

कोठाराच्या बाहेर बायका बादल्या भरून उभ्या होत्या, त्यात आमची घरमालकीणही, गुडघ्याला पट्टा बांधून. फळ्यांच्या भिंतीआड डहाळ्या मोडल्याचा आवाज येत होता. मग म्होरक्याचा आवाज आला, बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा. पानं बांधायच्या आधी आता हे विचारायचं असं ठरलं होतं, आणि तोंड मिटायच्या आधीचं शेवटचं उत्तर ते.

“पोहता येतं का तुला?”

आत शांतता झाली. ती लांबली. घरमालकिणीने माझ्याकडे पाहिलं नाही. मी भिंतीला हात टेकला. त्या शांततेत काय चाललं असेल ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तिथे सगळे त्याचे नवे मित्र उभे होते, आणि तोंडात तो जुना शब्द तयार होता.

“नाइन.”

स्वच्छ, जोरात. मग आणखी एकदा, कुणी विचारलं नसताना, “नाइन, पोहता येत नाही.”

आत कुणीतरी हसलं, पण प्रेमाने. डहाळ्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. म्होरक्याने दारातून डोकं बाहेर काढून बायकांना सांगितलं की यंदा तळं नाही, बादल्या. घरमालकिणीने आपली बादली काठोकाठ भरून घेतली आणि मला विचारलं, ह्या वर्षी आत कोण असेल असं वाटतं?

मी म्हटलं, मला काय माहीत.